पऱ्हाटीची काडी

आबाजींनी नातीचा हात माझ्या हातातून ओढून घेतला आणि भरल्या वर्गात कोपरापर्यंत धुतला.

पहिलीचा वर्ग. मंदा पाटीवर 'ग' काढत होती. नवीन पोर, बोटं वळत नव्हती, म्हणून मी तिचा हात धरून गिरवून घेत होते. एवढाच माझा गुन्हा. आबाजी तिचे आजोबा, शाळा समितीचे अध्यक्ष. पोरीला सोडायला आले आणि दारातच थबकले. शिपायाला तांब्या आणायला लावला. पाणी पाटीवर सांडलं, अर्धा 'ग' वाहून गेला. मग त्यांनी कुंपणातली वाळकी पऱ्हाटी मोडली. कपाशीची काडी. माझ्या हातात दिली नाही. टेबलावर टाकली.

"शिकवा ना बाई, आमी काय ना म्हन्तो? पन हात काऊन लावता? ह्या काडीनं दाखवा."

ती काडी मी ओळखत होते. लहानपणी मास्तर मला अशाच काडीनं शिकवायचे. ते ओट्यावर, मी ओट्याखाली. मी लिहायला शिकले, पण माझा हात कधी कोणी धरला नाही. आता मी बी.ए. झाले होते, समाजशास्त्र घेऊन बाहेरून एम.ए. करत होते, आम्ही बुद्धाला शरण गेलो त्यालाही वर्षं झाली होती. आणि काडी तीच.

मी ती काडी उचलली. का उचलली ते सांगते.

रोहिणखेडच्या अलीकडचं ते गाव. आमचे हेडमास्तर उन्हाळ्यात रिटायर होणार होते. शिक्षणानं आणि नोकरीनंही त्यांच्यामागे मीच होते. चार्ज मिळाला, एम.ए. झालं, की पुढे विस्तार अधिकारी होता येईल, तालुक्यातल्या शाळा कशा चालाव्यात ते ठरवता येईल, हे माझं स्वप्न. पण चार्ज आणि परीक्षेची रजा, दोन्ही आबाजींच्या मर्जीवर. हेडमास्तर म्हणाले, "सोसा बाई. खुर्ची तुमचीच हाय. फक्त आबाजीले दुखवू नका."

गावात खोली कोणी दिली नाही, म्हणून मी आणि आई बौद्धवाड्यात राहायचो. जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात राबलेली माझी आई. ती म्हणाली, "हात पोळते म्हून भाकर टाकते का कोनी?"

मग काडी. रोज काडी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मंदाचा हात धरायचा नाही, तर कोणाचाच नको, निदान सगळ्यांना सारखं, अशी मी मनाची समजूत घातली. पोरांची अक्षरं लंगडत राहिली. संध्याकाळी घरी परीक्षेचं उत्तर पाठ करायचे, 'अस्पृश्यता कायद्याने नष्ट झाली आहे.' हा प्रश्न हमखास येतो म्हणे. पाठ करता करता जीव नकोसा व्हायचा. वाटायचं, विहिरीत उडी टाकावी. मग वाटायचं, आपण मेलो तरी हे लोक आधी विहीरच शुद्ध करतील.

समितीची बैठक होती त्या दिवशी, मधल्या सुट्टीत, मी वर्गाच्या दाराशी आले आणि जागेवर खिळले. खेळात मंदा बाई झाली होती. शालू, आमच्या वाड्यातली, तिची विद्यार्थिनी. मंदाच्या हातात माझी काडी. शालूनं पाटी पुढे सरकवली तशी मंदा ओरडली, "दूर बस ना वं! बाई अशीच शिकवते."

शालू निमूट मागे सरकली.

'ग' अजून कोणालाच धड येत नव्हता. हे मात्र दोघींना बरोबर आलं होतं. आणि ते मी शिकवलं होतं.

बैठकीत आबाजी खुशीत होते. "चार्ज बाईलेच देऊ. परीक्षेले रजा बी देऊ. काडीचं तेवढं चालू ठेवा. लेहून नाही मांगत. तोंडानं हो म्हना."

"नाही," मी म्हणाले. "मी पोराईचे हात धरूनच शिकवीन."

हेडमास्तरांनी मान खाली घातली. मी उठले, वर्गात गेले, शालूचा हात धरून 'ग' काढला. मग मंदाचा. मागोमाग आबाजी आले. तांब्या आला. त्यांनी मंदाचा हात धुतला. मी तो ओला हात पुन्हा धरला.

"काय समजते वं तू सोताले?"

एवढे दिवस मी 'तुमी' होते. पोर रडायला लागली. तिला ओढत ते घेऊन गेले.

चार्ज माझ्यामागून लागलेल्या गुरुजींना मिळाला. रजा नामंजूर झाली, परीक्षा माझ्याविना झाली. मग बदली, थेट लोणारच्या पलीकडे. चिखलीला एसटी बदलताना आई म्हणाली, "हो म्हनली असती त..." आणि थांबली. मी ट्रंक उचलून पुढच्या गाडीत चढवली.

इथेही कुंपण आहे, पऱ्हाट्या आहेत, तांब्या आहे. पहिल्याच आठवड्यात एका बापानं पोराचा हात धुतला. एम.ए.चा फॉर्म मी पुन्हा भरला आहे. रजा दिली नाही तर बिनपगारी जाईन. विस्तार अधिकाऱ्याची ती खुर्ची मी घेणार आहे, आणि तालुक्यातल्या एकेका पहिलीच्या वर्गात जाऊन टेबलावर काडी आहे का ते बघणार आहे. तोवर रोज पोरांचे हात धरते. ज्याला धुवायचे असतील त्यानं पाणी आणावं. मी पुन्हा धरीन.