तोंडावर नाही म्हणणारा फोन

शेजारच्या खिडकीतून सुकट भाजल्याचा वास आला की मला वरळी कोळीवाड्यातली ती दुपार आठवते. वादळाचा इशारा आला होता आणि होड्या परतत होत्या. कुठली आली, कुठली अजून बाहेर आहे, याची यादी ठेवणारा प्रोग्राम मच्छीमार सोसायटीसाठी मी लिहिला होता. धक्क्यावर उभी राहून एक मावशी आलेल्या होड्यांची नोंद फोनवर करत होती. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मात्र एक होडी समुद्रातच दिसत होती आणि ती चालवणाऱ्या तांडेलाची बायको रडून बेजार झाली होती. मी धावत धक्क्यावर गेले, तर तांडेल तिथे निवांत जाळी धूत उभा! घोळ माझाच होता. यादी नुसती वाचायला उघडली असेल, तर कॉम्प्युटर नवी नोंद घ्यायला साफ नकार द्यायचा. फोन मात्र ती मुकाट घ्यायचा आणि टाकून द्यायचा. मावशीने यादी नेमकी तशीच, वाचायला उघडली होती. मावशी कडाडली, "गो पोरी, घ्यायचं नसंल तर तोंडावर नाय म्हणायला सांग त्याला!" आठवडाभर खपून मी दोघांना नाही म्हणायचं एकच वळण लावलं. मग एका सकाळी मावशीचा फोन आला. पुन्हा काय बिघडलं, असं मला वाटलं. पण ती आनंदाने ओरडत होती, "गो, आज नाय म्हणाला! मंग मी लिवायचं बटण दाबलं, तवा घेतलं त्यानं!" आजही कोणी नवा प्रोग्राम दाखवायला आलं, की मी आधी एवढंच विचारते, "याला नाही म्हणता येतं ना?"