आधी नाव, मगे कोयतो

पान तोडायचं, चुरगाळायचं, नाकाशी धरून डोळे मिटायचे आणि मग नाव सांगायचं. एवढं झाल्याशिवाय आमचे शेजारी आबा कुठल्याही झाडाला हात लावू देत नसत. "मास्तरांनू, आधी नाव, मगे कोयतो." हे वाक्य मी मिठबावात इतक्यांदा ऐकलं, की ते कानावर पडताच माझ्या कपाळाची शीर उडू लागे.

मी फोंडाघाट उतरून नोकरीसाठी आलेला शाळामास्तर. झाडाझुडपांतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. आमच्या दोघांच्या घरांमागच्या परड्यांच्या मधोमध दगडांवर दगड रचून केलेला एक बुटका गडगा होता. पहिल्याच पावसाळ्यात त्याच्यालगतची आबांची आंबेहळद मी तण समजून मुळासकट उपटली. आबा ओरडले नाहीत. उपटलेल्या रोपांकडे बघत एवढंच म्हणाले, "घाटार हेका तण म्हणतत?" त्या दिवसापासून माझ्याच परड्यात मला त्यांच्या परवानगीशिवाय गवताची काडी उपटता येईना.

त्या परड्यात मी हापूसचं एक कलम लावलं होतं. माझ्या हातचं पहिलं झाड. चार उन्हाळे कळशी कळशी पाणी घालून वाढवलेलं. येत्या थंडीत त्याला मोहोर येईल असं आबाच म्हणाले होते. आणि नेमकी त्याच पावसाळ्यात गडग्यावरून एक वेल कलमाकडे सरकू लागली. तीन टोकांचं लवदार पान, वळसे घेतलेले तणावे. मी कोयता आणला.

"थांबा!" गडग्यापलीकडून आबा. पान चुरगाळलं, हुंगलं, डोळे मिटले. जरा जास्तच वेळ मिटले, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"कवंडाळ. काढू नकात. चवथीक माटयेक होयी."

गणपतीच्या डोक्यावर इकडे लाकडी माटी टांगतात आणि तिला रानातली फळं, वेली बांधतात. कवंडाळाची लालभडक फळं तिथे हवीतच. ती आपल्या दारात उगवली म्हणजे देवानेच पाठवली, असं माझ्या बायकोचंही मत पडलं. दोघांपुढे माझं काय चालणार? मी कोयता ठेवून दिला.

वेलीने मात्र कलम ठेवलं नाही. दर आठवड्याला एकेक फांदी गिळत ती शेंड्यावर गेली, आणि मी दर आठवड्याला गडग्याशी जाऊन भांडत राहिलो.

"आबा, माझं कलम गुदमरतंय हो!"

"फूल येवंदे."

फूल आलं. पांढरं, आत जांभळं कडं. कवंडाळाचं फूल असं नसतं हे एव्हाना मलाही कळून चुकलं होतं.

"फळ येवंदे."

आता मला सांगा, अशा माणसाचं काय करायचं? सारा गाव ह्यांच्याकडे औषधी पाला ओळखून घ्यायला येतो, मग ह्यांच्या तोंडून 'माहीत नाही' निघायचं कसं? आणि ह्यांच्या अब्रूपायी माझं कलम मरायचं!

फळं आली ती हिरव्या जाळीत गुंडाळलेली, सुपारीहूनही लहान. चतुर्थीला आबांनी तीच पानांसकट आपल्या घरच्या माटीला बांधली. शब्द दिला होता ना! पानं सुकू लागली तसा खोलीभर उग्र दर्प सुटला. आरतीला जमलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी आबांच्या थोरल्या बहिणीने सगळ्यांदेखत विचारलं, "रे, ह्यां काय टांगलंस देवाच्या डोक्यार?" आबा निरांजनाची वात सारखी करत राहिले.

गणपती गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते गडगा ओलांडून आले. हातात स्वतःचा कोयता.

"मास्तरांनू, माका ठावक नाय ही खंयची ती."

दोन महिने मी त्यांना सुनवायला काय काय जुळवून ठेवलं होतं! पण मी नुसता बाजूला सरून त्यांना कलमाकडे वाट दिली. त्यांनी वेल बुंध्याशी तोडली आणि मग सत्तरीतला तो म्हातारा दुपारपर्यंत कलमाच्या डहाळ्यांवरचे तणावे नखांनी एकेक सोडवत राहिला. ओढलं तर डहाळी मोडेल म्हणून. तरी अर्धं कलम वाळलं होतंच. माझे डोळे भरून आले, आणि ते नुसते कलमासाठी नव्हते.

पण आबा तेवढ्यावर थांबते तर ते आबा कसले? वेलीचा तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून ते वेंगुर्ल्याला गेले, फळबागांतल्या कुणा जाणत्या साहेबांना दाखवायला. दोन दिवसांनी परतले ते सरळ माझ्या पडवीत.

"साहेबान नाव सांगल्यान, पण ता माज्या तोंडात बसना नाय. भायरदेशातली म्हणता." मग माझ्याकडे नीट निरखून बघत म्हणाले, "खंयसून तरी इली, हयची माती धरून बसली, आता जावचा नाव नाय. तुमच्यासारखीच. तिका आमी मास्तरांची वेल म्हणतलंव."

आणि म्हणू लागले. गावानेही ते उचललं. चूक ह्यांची, कलम माझं, आणि तणाला नाव माझं! मी कित्येक दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही. कलम एका अंगाने जगलं. त्याचे पहिले चार आंबे मी त्यांनाच नेऊन दिले, पण कुरकुरत.

आबा जाऊन आता काही वर्षं झाली. मुलगे मुंबईला, घराला कुलूप. दर पावसाळ्यात ती वेल त्यांच्या पडवीवर चढते आणि वाटेने जाणारी एखादी बाई हमखास ओरडते, "मास्तरांनू, तुमची वेल आबांच्या घरार चढली!"

मी चिडतो. कोयता घेतो, गडगा ओलांडतो. एक पान तोडून चुरगाळतो, हुंगतो. तोच घाण वास. मग त्यांच्या बंद दारासमोर उभा राहून माझंच नाव मोठ्याने घेतो आणि कोयता चालवतो.