बाबांच्या शोकसभेची किल्ली

एका रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी माझ्या वडिलांना मारलं. त्या वेळी ते मागच्या पडवीत दाढी करत होते.

हत्यार मोबाइल. साक्षीदार पाच ग्रुप. अख्ख्या रत्नागिरीने माझ्यावर खटला चालवून निकालही देऊन टाकला, पण माझी बाजू कुणीच ऐकली नाही. म्हणून हे जाहीर निवेदन.

मी पत्रकं लिहिते. कॉलेजात असल्यापासून लिहिते. रस्त्यातले खड्डे, नळाला येणारं लाल पाणी, स्टँडवरची कायम बंद असलेली मुतारी... या शहरात असा एकही अन्याय नाही, ज्याच्याविरुद्ध मी ‘नागरिकहो, जागे व्हा!’ असं लिहिलेलं नाही. नागरिक जागे होत नाहीत. नागरिक माझ्या पत्रकात भजी बांधून नेतात!

माझे बाबा इथल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहेत. नाव दत्ताराम, पण सगळं गाव त्यांना भाऊ म्हणतं. ‘लोक वाचत नाहीत’ या प्रश्नावर आमच्या घरात दोन मतं आहेत. बाबा म्हणतात, वाचतील. मी म्हणते, निषेध!

तर त्या महिन्यात वाचनालयाच्या फळ्यावर वार्षिक सभेची नोटीस लागली. रविवारी सायंकाळी पाच वाजता, वाचनकक्षात. विषय क्रमांक चार: वाचनकक्षात कोणी फिरकत नसल्याने तो बंद करून जागा एका खासगी क्लासला देणे. विषय क्रमांक पाच: चहापान.

वाचनकक्ष गेला की उरलं काय? एक काउंटर, सहा कपाटं आणि बाबांना घरी बसवायला एक चांगलं निमित्त. आणि ठराव पास होणार हे नक्की होतं. कारण या सभेला दरवर्षी बारा माणसं येतात. त्यांतले अकरा कार्यकारिणीचे, बारावा चहावाला.

“बाबा, तुम्ही काही बोलत का नाही?” मी ओरडले.

“मी नोकर माणूस, बाय. मला मत नाय.”

“म्हणून गप्प बसायचं?”

“गप्प कुठे? नोटीस मीच टाइप केली.”

अशा माणसाच्या वतीने कुणीतरी लढायला नको का? मी मोबाइलवर डिजिटल मार्केटिंगचं एक फुकट शिबिर केलं. तिथले सर म्हणाले, फोटोत माणूस हवा, माणसाशिवाय लोक थांबत नाहीत. भावनेला हात घाला. आणि लोकांनी नेमकं काय करायचं, कधी, कुठे, ते ठळक लिहा. बाकीचं बारीक अक्षरात.

आधी मी रील केलं. “बाबा, फक्त पुस्तक उघडा आणि कॅमेऱ्याकडे बघून हसा.” बाबांनी पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले. मी वीस मिनिटं “बाबा, हसा! बाबा, हसा!” करत होते. शेवटी हसले, पण ते पुस्तकातल्या कुठल्याशा वाक्याला. तोवर कॅमेरा बंद पडला होता.

मग सभेच्या दिवशी सकाळी मी माझं शेवटचं अस्त्र काढलं. मोबाइलमध्ये तयार चौकटी मिळतात. त्यातली मी काळ्या किनारीची निवडली, कारण प्रसंग गंभीर होता. वाचनालयाचा फोटो टाकला. रंगीत फोटोला वजन येईना, म्हणून काळा-पांढरा केला. फोटो चौकटीत मावेना, म्हणून दोन्ही बाजूंनी कापला. (इमारत गेली, दारात उभे असलेले बाबा राहिले. ‘फोटोत माणूस हवा.’ हवा तर हवा!) खाली तेवणाऱ्या समईचं चित्र आधीपासूनच होतं. मला ते ज्ञानाचं प्रतीक वाटलं. आणि ठळक अक्षरात लिहिलं: ‘अनेक पिढ्यांची अखंड सेवा. आज निरोपाची वेळ. सायंकाळी पाच वाजता वाचनकक्षात जमा. या वेळी तरी या!’

त्याखाली बारीक अक्षरात तीन परिच्छेद. वाचनकक्ष, ठराव, कार्यकारिणी, लोकशाही, सगळं होतं. मी आजवर लिहिलेलं सर्वोत्तम गद्य! आळीच्या, भावकीच्या, बाबांच्या दहावीच्या बॅचच्या, आईच्या भजनी मंडळाच्या आणि सभासदांच्या ग्रुपवर एकदम टाकलं.

दोन मिनिटांत उत्तरं सुरू. जोडलेले हात. रडके चेहरे. ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ ‘विश्वास बसत नाही.’ ‘फार मोठी पोकळी.’

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं मी या लोकांना झोपलेले म्हणत होते! एका वाचनकक्षासाठी माणसं इतकी हळहळतात? मी बोटं दुखेपर्यंत प्रत्येकाला उत्तर देत बसले.

‘कसं झालं हे?’

‘कार्यकारिणीच्या अकरा जणांनी मिळून केलं. बरीच वर्षं चाललं होतं.’

‘बाप रे! वय काय होतं?’

‘नव्वदीच्या घरात.’

‘भाऊ नव्वदीचे? वाटत नव्हते हो!’

इथे मला थांबायला हवं होतं. पण मी तोवर पुढच्या माणसाला उत्तर देत होते. (उत्तर देणारेही वाचत नाहीत, याची नोंद घ्यावी.)

‘आई कशा आहेत?’

‘मजेत. बांगडे तळतेय.’

बरोबर बारा वाजता शेजारच्या सावंत काकू आल्या. डोक्यावर पदर, डोळे लाल, हातात झाकलेलं पातेलं. आमच्याकडे कुणाच्या घरी माणूस गेलं की त्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजारून पिठलं-भात येतो. काकूंचा यात हात धरणारं आळीत कुणी नाही. बातमी कळल्यापासून पिठल्याला फोडणी बसेपर्यंत त्यांना अर्धा तास पुरतो. त्या दिवशी उशीर झाला, कारण त्यांनी आधी बसून रडून घेतलं होतं.

आई स्वयंपाकघरातून हातात उलथनं घेऊन बाहेर आली. पाठोपाठ बांगड्यांचा खमंग वास.

“वहिनी...” काकूंनी पातेलं पोटाशी धरलं. “आज बांगडे?”

“ताजे मिळाले हो. जेट्टीवरून आत्ताच आणलेत ह्यांनी. बसा ना, दोन देते बांधून.”

काकू मटकन पायरीवर बसल्या आणि माझ्या कानाशी लागल्या. “धक्का बसलाय गो हिला. ह्यांनी आणले म्हणते. रडव तिला, आधी रडव. नायतर डोक्यावर परिणाम होतो.”

“काकू, कशासाठी रडवू?”

तेवढ्यात न्हाणीघराचं दार उघडलं. बाबा पंचा लावून, डोकं पुसत बाहेर आले. पातेल्याकडे बघून थबकले.

“पिठलं? अरेरे. कोण गेलं हो काकू?”

काकूंनी अशी किंकाळी फोडली की समोरच्या माडावरचे कावळे उडाले. पातेलं मात्र सोडलं नाही!

मग काकूंच्या मोबाइलवर मी माझं पोस्टर पहिल्यांदाच दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलं. काळी किनार. काळे-पांढरे बाबा. समई. निरोपाची वेळ. बारीक अक्षर वाचायला चष्मा लागला असता, आणि रडणारा माणूस चष्मा काढून ठेवतो. हे शिबिराच्या सरांनी सांगितलं नव्हतं!

आईने उलथनं माझ्यावर उगारलं. “कुंकू पुसलंस गो माझं! सकाळी उठून, चहा पिऊन, कुंकू पुसलंस!”

मी घाईघाईने खुलासा टाकला: ‘बाबा जिवंत आहेत!’

लगेच उत्तर आलं. ‘हो ताई. आमच्या हृदयात सदैव.’

मी पुन्हा लिहिलं: ‘खरोखर जिवंत आहेत. आत्ता जेवतायत.’

‘धीर धरा ताई. सुरुवातीला असं वाटतं.’

एवढ्यात काकांचा फोन. बाबांचा धाकटा भाऊ, नालासोपाऱ्याला असतो. मी स्पीकर लावला. “माणगाव सोडलंय! मी येईपर्यंत दादाला उचलू नका!”

बाबांनी तोंडातला घास गिळला. “नाय उचलत. सावकाश ये.”

“कोण बोलतंय?”

“मी. दत्ता.”

पलीकडे जोरात हॉर्न वाजला. मग काका रडवेले होऊन म्हणाले, “दादा, असं बोलू नको रे. मी गाडी चालवतोय.”

जेवण झाल्यावर बाबांनी चष्मा लावला, माझा मोबाइल मागून घेतला आणि एकेक संदेश वाचायला लागले. सगळे वाचले. बारीक अक्षरातलेही. (घरात एक तरी वाचक आहे!) मध्येच म्हणाले, “हा माणूस आठ वर्षांत माझ्याशी पुस्तकाचा नंबर सोडून एक शब्द बोललेला नाय. आणि बघ काय लिहिलंय.” आणि चष्मा पुसत बसले.

साडेचारला त्यांनी सायकल काढली.

“बाबा, तुम्ही जाऊ नका! लोक शोकसभेला जमलेत!”

“मग दार कोण उघडणार? किल्ली माझ्याकडे हाय.”

“निदान बरा शर्ट घाला,” आई आतून म्हणाली. “माणसं तुमच्यासाठी आलीयत.”

मी रिक्षाने पुढे धावले. वाचनालयासमोर रस्ता भरला होता. पांढरे शर्ट, पांढरी पातळं, हातात चाफ्याची फुलं. दाराला कुलूप. किल्ली भाऊंकडे असते हे सगळ्यांना ठाऊक, पण विधवेकडे जाऊन किल्ली मागायची कुणी, यावर मागे दबक्या आवाजात वाद चाललेला. आणि पुढे कार्यकारिणीचे अकरा जण भिंतीला चिकटून उभे. कारण लोक त्यांच्याकडे ‘हेच ते’ अशा नजरेने बघत होते. (अकरा जणांनी मिळून केलं, बरीच वर्षं चाललं होतं, असं घरच्याच माणसाने लेखी दिलं होतं ना!)

कुणीतरी मागून ओरडलं, “आता तरी भाऊंच्या जिवाला शांती द्या!”

अध्यक्ष नानांना घाम फुटला. ते पायरीवर चढले आणि हात जोडून म्हणाले, “भाऊंच्या आत्म्याला साक्ष ठेवून सांगतो, हा वाचनकक्ष कधीही बंद होणार नाही! भाऊ जिथे कुठे असतील तिथे...”

ट्रिंग ट्रिंग!

“जरा सरका. सरका हो. नाना, एक पायरी खाली या, कुलूप उघडतो.”

मग एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले कदम मामा फुलं टाकून धावले आणि त्यांनी बाबांचे दोन्ही खांदे गदागदा हलवले. “मेल्या! जिवंत हायस?”

“होय. पण सभा पाचला आहे ना?”

मग सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. पुढची पाच मिनिटं मी काय काय ऐकलं ते छापण्यासारखं नाही. मला वाटलं, संपलं. आता सगळे चिडून घरी जाणार आणि आत उरणार अकरा जण. पण बाबांनी दार उघडलं, पंखे लावले, आणि सवय असल्यासारखी माणसं आत जाऊन बाकांवर बसली. बाक कमी पडले! दाराशी, कपाटांच्या मध्ये, जिथे जागा मिळेल तिथे उभी राहिली.

नाना म्हणाले, “आता शोकसभेचं कारणच उरलं नाही, तेव्हा...”

“बसा हो!” कदम मामा उठले. “मी बोलायचं ठरवून आलोय. तो जिवंत हाय म्हणून मी गप्प बसू?” आणि बोलले. त्यांची बायको दीड वर्ष अंथरुणाला होती. दर गुरुवारी भाऊ पुस्तक घेऊन सायकलने घरी यायचे. नुसतं देऊन जायचे नाहीत, दहा पानं वाचून दाखवायचे. “शेवटचं पुस्तक अर्धं राहिलं. भाऊंनी ते परत मागितलं नाय. माझ्याकडेच हाय अजून.”

सरकारी दवाखान्यातली एक नर्स उठली. तिच्या घरात सहा माणसं, दोन खोल्या. परीक्षेचा अभ्यास तिने याच कक्षात, त्या खिडकीजवळच्या बाकावर केला. “बाक डुगडुगायचा. एक दिवस आले तर भाऊ खाली बसून पायाला पुठ्ठा लावत होते.”

हे मला काहीच माहीत नव्हतं. मी रोज त्यांच्याबरोबर जेवते! बाबा काउंटरमागे मान खाली घालून त्याच त्याच मासिकावर शिक्के मारत होते.

मग विषय क्रमांक चार. नाना खाकरले. “मघाचं ते मी... भाऊ गेले असं समजून बोललो होतो.”

“म्हणजे तो जगला म्हणून बंद करणार काय?” कदम मामांनी विचारलं.

ठरावाच्या बाजूने दोन हात वर गेले. त्यांतला एक अर्ध्यातून डोकं खाजवायला वळला. विरोधात किती गेले ते मोजायला बाबाच उठले आणि मोजता मोजता दोनदा चुकले. वाचनकक्ष राहिला. बाबाही राहिले. चहा बारा जणांचा होता, तो कुणालाच मिळाला नाही. काका सहा वाजता पोहोचले आणि बाबांच्या गळ्यात पडून म्हणाले, “दादा, माझी उद्याची रजा फुकट गेली.”

आता मला आभार मानायचे आहेत, आणि ही गोष्ट मी पत्रकांत कधी केलेली नाही, म्हणून चूकभूल माफ असावी. कदम मामा, तुमचे. काकू, तुमचे. (पिठलं बांगड्याबरोबर फार छान लागतं.) पण सगळ्यांत जास्त आभार त्या शेकडो नागरिकांचे, ज्यांनी माझी तीन परिच्छेदांची, अभ्यासपूर्ण, घणाघाती पोस्ट अजिबात वाचली नाही. कारण नंतर एकाने ती खरंच वाचली आणि मला मनापासून सांगितलं, “ताई, बरं झालं आधी नाही वाचली. वाचली असती, तर आलोच नसतो!”