आप्पांचं जागं यंत्र

वाचनालयाच्या मागच्या खोलीतला, पुस्तकांची नोंद सांभाळणारा लिनक्सचा सर्व्हर आप्पांनी आपल्या हातांनी उभा केला, आणि त्या दिवसापासून त्याला डोळा मिटू दिला नाही. वीज गेली तर बॅटरी, बॅटरी दमली तर जनरेटर. पाहुणा आला की आप्पा त्याला आधी त्या खोलीत नेत आणि पेटीवरून लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवत सांगत, की सारं गाव निजतं, हा निजत नाही.

आप्पा निवृत्त झाले आणि खोलीची किल्ली सुनेकडे आली. ती नेमाने अपडेट करी. पण सर्व्हरचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो नवा उतरवून घेतला तरी रीस्टार्ट केल्याशिवाय लागू होत नाही. आणि आता जुन्या कर्नलमध्ये असं भोक सापडलं होतं, की त्यातून शिरून कुणीही ऐरागैरा मालक होऊन बसला असता.

"नवं कुलूप आणून फडताळात ठेवलंय, आप्पा," सून म्हणाली. "दाराला अजून जुनंच आहे."

आप्पांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. "आणि बंद केल्यावर उठलाच नाही तर? कोणतं पुस्तक कुणाकडे, सगळं त्याच्या पोटात आहे."

सुनेने वाद घातला नाही. घरातल्या, लिनक्सवरच चालणाऱ्या आप्पांच्या डेस्कटॉपवर तिने आधी नवा कर्नल चालवून दाखवला. पडदा काळा झाला, पुन्हा उजळला. आप्पांनी खात्री म्हणून पत्त्यांचा एक डाव खेळून पाहिला, जिंकले, आणि चपला घालून तिच्याआधी फाटकाशी जाऊन उभे राहिले.

वाचनालयाला सुट्टी होती. साऱ्या माहितीची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन सुनेने रीस्टार्ट केलं. पंख्यांचा सूर पडला. खोली अशी गप्प झाली, की दोघांना एकमेकांचा श्वास ऐकू यावा. मग दिवा लुकलुकला, पडद्यावर ओळी धावू लागल्या. नवा कर्नल लागू झाला! सुनेच्या जिवात जीव आला.

पण पुस्तकांची नोंद काही उघडेना.

आप्पांचा चेहरा पांढरा पडला. सुनेने शोधलं. बिघाड कुठेच नव्हता. नोंदीचा प्रोग्राम नुसता बसून होता, त्याला ऊठ म्हणणारंच कुणी नव्हतं.

"आप्पा, हा सुरू कोण करायचं?"

आप्पांनी डोकं खाजवलं. "मी," ते हळूच म्हणाले. "पहिल्या दिवशी, हाताने. नंतर हा कधी थांबलाच नाही, मग त्याला शिकवायचं राहूनच गेलं."

"मग लावा हात."

बोटं अडखळली, मागे आली, मग वाट सापडल्यासारखी धावली. नोंद उघडली. सुनेने लगेच तो प्रोग्राम यंत्रासोबत आपला आपण सुरू होईल अशी सोय केली आणि किल्ली उचलली.

आप्पा जागचे हलले नाहीत. डोळे नुसते चमकत होते.

"सूनबाई, पुन्हा बंद कर बघू."

"आता कशाला?"

"आपला आपण उठतोय का, बघायला नको?"

या खेपेला कळ त्यांनीच दाबली. सूर पडला, दिवा लुकलुकला, ओळी धावल्या. आणि कुणी हात न लावता नोंद उघडून समोर उभी राहिली. सून हसत दाराकडे वळली.

"थांब गं," आप्पा खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "अजून एकदा."