नातवाचं हिमोग्लोबिन

रक्ताच्या नळ्या रोज संध्याकाळी टाकून देता येतात, किस्से मात्र साठतच जातात! शिरूरला मी लहान मुलांच्या दवाखान्यात लॅब सांभाळते. तिथं तर एकेक नग येतो.

नव्या बाळाचं हिमोग्लोबिन अठरा-एकोणीस असणं अगदी नॉर्मल. पण आमच्या जुन्या मशीनला मोठ्या माणसांचेच आकडे ठाऊक, त्यामुळे प्रत्येक बाळाच्या आकड्यापुढं ते लाल बाण छापतं. कुरकुंभच्या कंपनीतला एक बाप शिफ्ट संपवून तसाच आला आणि बाण बघून हादरला.

"मॅडम, आमच्यात रीडिंग लाल झालं की लाईन बंद करत्यात!"

तेवढ्यात बाळानं भोकाड पसरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घ्या, ही लाईन बंद करून दाखवा!"

*

बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं की आकडा जरा जास्त येतो, म्हणून एकदा खात्रीसाठी शिरेतून पुन्हा घेतलं. कमी आला. बाळाचा मामा माझ्यावरच उखडला, "बघा! तुमीच काढून काढून कमी केलं!"

*

एक आजी आल्या. बाळाचं एकोणीस, बाळंतिणीचं नऊ.

"एवढ्याशा जिवाला एवढं कशाला? त्यातलं थोडं माज्या लेकीला चढवा की!"

"आजी, असं नाही करता येत."

"का? घरचंच हाय की!"

*

कवठे येमाईचे आबा आणि आप्पा, बांधाला बांध लागलेले शेजारी. एकानं विहीर खणली की दुसरा बोअर घेणार! दोघांना नातू झाले तेही एकाच आठवड्यात. दोन्ही बाळांना थोडी कावीळ, म्हणून रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आप्पांच्या नातवाचं वीस, आबांच्या नातवाचं एकोणीस. आबांनी मला बाजूला घेतलं.

"ताई, एक वाढवा की. पोराच्या इज्जतीचा सवाल हाय."

दोन महिन्यांनी नातवांना लसीचा डोस द्यायला दोघं पुन्हा आले. आबा हटूनच बसले, "रगत बघा." आलं दहा. या वयात ते उतरतंच, पुढं आपोआप चढतं. डॉक्टरीणबाईंनी परोपरीनं सांगितलं, पण आबा ऐकतात होय!

"निम्मं रगत गेलं! सूनबाईच्या दुधात कसच न्हाई. आजपास्नं अंगावरचं बंद, शेळीचं सुरू!"

सूनबाईच्या दुधावर त्यांचा आधीपासूनच संशय, त्यामुळे बाटली घरूनच भरून आणली होती. सूनबाई बाळाला छातीशी धरून मुकाट रडत होती. मला फार वाईट वाटलं, आबांचा रागही आला.

आबांनी तपासलं म्हटल्यावर आप्पा कसले मागं राहतात! "आमचंबी बघा."

आलं साडेनऊ.

"साडेनऊ?" आप्पा सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं ओरडले.

आबा ताडकन उठले. "म्हंजी जास्त कुणाचं, ताई?"

"तुमच्या नातवाचं."

आबांनी बाटलीचं झाकण काढलं, शेळीचं दूध उभ्या उभ्या स्वतःच पिऊन टाकलं आणि मिशा पुसल्या.

"सूनबाई, तू पाज पोराला. मी पेढं घिऊन येतो!"