बटण मीच दाबणार

काचबिंदूनं माझी नजर गेली तेव्हा मी चाळिशीच्या अलीकडे होते. आमचं घर शेरडं-मेंढरं सांभाळणारं, बोरी गावाच्या बाजूचं. नजर हळूहळू गेली, त्यामुळं कामं काही सुटली नाहीत. कोकरू आजारी आहे का ते मी कान चाचपून सांगते, चुलीपुढं अजूनही मीच बसते. सुटलं ते एकच, आणि ते सुटल्याचं घरात कुणाच्या ध्यानातही आलं नाही. माझं मत.

नजर गेल्यावर पहिलं मतदान आलं, तेव्हा नवरा मेंढरं घेऊन लांब रानात होता. माझा चुलत दीर मला शाळेत घेऊन गेला. तो गावातल्या एका पुढाऱ्याचं काम करायचा. बोटाला शाई लागली, दिरानं हात धरून पुठ्ठ्याच्या आडोशामागं नेलं. "कुठं दाबू?" असं मी विचारतेय तोवर मशीनचा लांबलचक आवाज झाला.

"झालं वहिनी, चला."

"कुणाला दिलं, भावजी?"

तो हसला. "आपल्याच माणसाला की."

आपला माणूस कोण, हे त्यानंच ठरवलं होतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. डोळे गेल्यावर मी रडले होते, पण त्या दिवशी रडू आलं नाही. राग आला, आणि तो टिकला.

गेल्या विधानसभेच्या आधी मतदार यादीचं काम बघणाऱ्या अंगणवाडीच्या बाई घरी आल्या.

"काकू, तुमच्यासाठी घरी येऊन मत घ्यायची सोय हाय. अर्ज भरू का?"

"न्हाई. पाय धड हायत माझे. मी शाळेतच येणार. पण माझ्यासंगं कोण येणार, हे कोण ठरवतंय?"

"तुमीच. अठराच्या वरचं, तुमच्या भरवशाचं कुणीबी चालतंय. फकस्त एका माणसाला दिवसभरात एकाच मतदारासंगं जाता येतं. म्हणून त्याच्या उजव्या हाताच्या बोटाला शाई लावतात."

"आन् बटण मीच दाबलं तर?"

"दाबा की! बटणाशेजारी ब्रेलचे ठिपके असतात. ते येत नसतील तर वरून खाली बटणं मोजायची."

मी तेव्हाच ठरवलं. बटण मीच दाबणार.

आता प्रश्न उरला सोबतीचा. नवरा पुन्हा रानात, लेक सेलूला सासरी. राहिली धाकटी जाऊ. तिचं नि माझं वाटणीपासून फारसं बोलणं नव्हतं. शिवाय तिच्या घरचे कुणाच्या बाजूचे, हे गावाला माहीत होतं आणि मी त्या बाजूची नव्हते. पण ती खोटं बोलत नाही. भांडताना तोंडावर सांगते, मागून नाही. मी तिच्या दारात गेले.

"माझ्यासंगं मतदानाला येशील का? बटण मी दाबणार. तू फकस्त बघायचं, मी कुठं दाबलं ते."

तिनं विचारलं, "अक्का, मी कुणाची हाय ते तुमाला ठावं हाय. तरी माझ्याकडं आलात?"

"म्हणूनच आले. तू बदलून सांगणार न्हाईस."

"येते," ती म्हणाली. मग दारातच थांबून म्हणाली, "चहा घेऊन जावा." किती दिवसांनी मी त्या घरचा चहा प्याले.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या भिंतीवर उमेदवारांची यादी लावलेली होती. जावेनं ती वरपासून खालपर्यंत सगळी वाचून दाखवली. मला हवं ते नाव आलं तेव्हा मी तोंडावर काही दिसू दिलं नाही, पण त्याचा नंबर मनात पक्का केला. तो कितवा, ते आजही सांगणार नाही.

दारापाशीच त्या चुलत दिराचा आवाज आला. "वहिनी, तुमी कशाला तरास घेतला? मी न्यायलाच येत होतो. चला."

"न्हाई, भावजी. माझ्यासंगं ही येणार हाय."

"हिला काय कळतंय? साहेब, मागल्या टायमालाबी मीच होतो वहिनीसंगं."

आतला कर्मचारी घुटमळला. मागं रांगेत बायका कुजबुजू लागल्या. मी जागेवरून हलले नाही. आवाज चढवून म्हणाले, "मला केंद्राध्यक्षांशी बोलायचंय."

ते उठून आले. मी म्हणाले, "साहेब, मला दिसत न्हाई. माझा सोबती मी निवडायचा, असा कायदा हाय. मी हिला निवडलंय."

"बरोबर आहे, मावशी," ते म्हणाले. मग दिराला विचारलं, "तुम्ही सकाळपासून कुणासोबत आला होता का? उजवा हात दाखवा."

जावेनं माझ्या कानाशी तोंड आणलं. "शाई हाय, अक्का. उजव्या बोटाला."

"दुसऱ्यांदा येता येणार नाही. बाहेर व्हा," केंद्राध्यक्ष म्हणाले. दिराच्या चपलांचा आवाज व्हरांड्यातून लांब गेला.

जावेनं गुप्तता पाळण्याच्या कागदावर सही केली आणि तिच्याही उजव्या बोटाला शाई लागली. आडोशामागं तिनं माझा हात मशीनवर नेऊन ठेवला आणि आपला हात काढून घेतला. मी वरून खाली बोट फिरवत गेले. एकदा चुकल्यासारखं वाटलं, म्हणून पुन्हा वरून सुरुवात केली. बाहेर कुणीतरी "लय वेळ लागायलाय" म्हणालं. लागू दे म्हटलं. मग दाबलं. मशीन वाजलं.

"काचेतल्या चिठ्ठीवर काय दिसलं?" मी पुटपुटले.

जावेनं निशाणीचं नाव कानात सांगितलं. मला हवी होती तीच. तिच्या घरच्यांना नको असलेली. आवाजात काही कमी-जास्त नव्हतं.

निकालात माझा उमेदवार पडला. दीर बरेच दिवस आमच्या दारावरून न बोलता जायचा, आता बोलतो, जेवढ्यास तेवढं. पण गल्लीतली एक म्हातारी, जिला तो दर वेळी हाताला धरून न्यायचा, परवा माझ्याकडं आली आणि विचारू लागली, "बाई, मला कमी दिसतंय. मी माझ्या सुनेला संगं नेलं तर चालंल का?"

मी तिला खाली बसवलं आणि अंगणवाडीच्या बाईंनी सांगितलेलं सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं.