धुतलेला ओटा

आधी त्यांनी आमच्या विहिरीचा ओटा धुतला. आमच्याच पाण्यानं.

गावात प्यायला घोटभर चांगलं पाणी नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. मोठ्या मोहल्ल्यातले लोक सकाळीच आमच्या टोल्यावर, गावाबाहेरच्या आमच्या वस्तीवर, आले. पुढे गावचा पटेल, मागे पटेलीन, तिच्यामागे बाया. दोर त्यांचा, बादल्या त्यांच्या. पटेलाच्या पोरानं पाणी उपसलं आणि ओट्यावर ओतलं. खराट्यानं घासलं. माझी माय जिथं पाय रोवून पाणी ओढते, तिथं जास्त घासलं. मग आमच्या पाण्याच्या गुंडांकडे, हंड्यांकडे, बोट दाखवून पटेल मला म्हणाला, "तुमचे गुंड हटवा. पहले हमारा होने दो, मग भरा."

मी तोंड उघडायच्या आत माय मागे सरली.

कोणी तिला सरक म्हटलं नव्हतं. तिनं डोक्यावर पदर घेतला, अर्धा भरलेला गुंड उचलला आणि बाभळीखाली जाऊन उभी राहिली. ही विहीर तिनं खणली आहे. आमच्याच जागेत, माझ्या बापासोबत, मुरूम फोडून, मी पोटात असताना. गावच्या विहिरीवर आम्हाला चढू देत नव्हते, म्हणून खणली. आणि आता आपल्याच विहिरीवरून ती अशी सरली, जशी मोटार आली की माणूस रस्त्यावरून सरतो. पटेलाच्या बोलण्यानं माझं डोकं तापलं. मायच्या त्या दोन पावलांनी काळीज फाटलं.

नळयोजना होती गावात. पण आमच्या कटंगीकडे पाऊस आता पहिल्यासारखा येत नाही. धान रोवण्याच्या वेळी आभाळ कोरडं. मग येतो तो असा की शेतांच्या बांध्या फोडून जातो. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, बी.एस्सी. म्हणून पाणी समितीत माझं नाव घातलेलं. पंपघर नाल्याच्या काठाला बांधायचं ठरलं, तेव्हा मी सभेत म्हटलं होतं, पूर आता वर चढतो, जागा बदला. पटेल हसला. "तुमच्या मोहल्ल्याचं एक नाव लागते, म्हणून बसवलं तुले. चाय पी." सगळे हसले. मी चहा तसाच ठेवून उठले.

त्या श्रावणात नाला आला आणि मोटार, पाइप, सगळं घेऊन गेला. टाकी तेवढी उभी राहिली, कोरडी. हातपंपांना लाल गढूळ पाणी. खालच्या विहिरींत पूर शिरलेला. मी प्रत्येक विहिरीचं पाणी तपासणीच्या बाटलीत भरून ठेवलं. पाणी दूषित असलं की बाटली काळी पडते. प्रत्येक बाटली काळी पडली. आमची एक सोडून. आमचा टोला उंचावर आहे. आम्हाला गावाबाहेर टेकाडावर ढकललं होतं, त्याचा एवढाच उपयोग झाला.

तर त्या सकाळी मी ओल्या ओट्यावर चढले.

"पाणी घ्या," मी म्हटलं. "पण आमच्या दोरानं, आमच्या बादलीनं. रांगेत. अन् ओटा पुन्हा धुवायचा नाई."

"आमच्या गावात राहून आमालेच कायदा शिकवून राह्यली का?" पटेल म्हणाला.

"गाव तुमचं असन. विहीर आमची हाय."

पटेलीन हळूच म्हणाली, "घेऊन टाका न जी. नातवाले रातपासून हगवण लागली हाय."

"चूप," पटेल म्हणाला. रिकाम्या बादल्या उचलायला लावल्या. जाता जाता बाभळीखाली थांबला आणि मायला म्हणाला, "पोरीले लय शिकवलं तुनं, बाई."

"हौ जी," माय म्हणाली. चूक झाल्यासारखं.

ते गेल्यावर ती माझ्यावर उखडली. "काहून केलं असं? लेकरू बिमार हाय त्यायचं." दुपारी तिनं स्वतः गुंड घासला, भरला, डोक्यावर घेतला आणि पटेलाच्या घरी निघाली. मी अडवलं नाही. लेकराच्या तोंडचं पाणी मलाही तोडायचं नव्हतं.

रिकामा गुंड घेऊन परत आली.

"घेतलं का?"

"हौ."

"लेकराले पाजलं?"

मायनं गुंड पालथा घातला. मग म्हणाली, "बैलायच्या टाक्यात ओतलं." आणि थोडी हसली. "ढोरायले तरी लागलं. वाया नाई गेलं."

मग भिंतीकडं तोंड करून बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. बाप मेला तेव्हाही माय अशी रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कटंगीहून टँकर आला, त्यांच्या मोहल्ल्यात. नातू वाचला. बरं झालं. त्या लेकराशी माझं काय वैर?

आता नळयोजनेचे साहेब लोक येऊन गेले. म्हणाले, नवं पंपघर उंचावरच पाहिजे, पाणी पक्कं पाहिजे, पुढच्या पुरात टिकलं पाहिजे. सगळा गाव फिरून त्यांनी जागा दाखवली ती आमच्या विहिरीची. विहीर खोल करायची, पाइप टाकायचा, पाणी गावच्या टाकीत चढवायचं. सभेत पहिला हात पटेलानं वर केला. एका बुढ्यानं विचारलं, त्यायच्या विहिरीचं पाणी? पटेल म्हणाला, "पाइपातून आलं की साफच असते."

म्हणजे मायच्या डोक्यावरून गेलं तर बैलाला. पाइपातून गेलं तर देवघरात.

मी सभेत उभी राहिले. म्हटलं, विहीर देते. पण आधी पटेलजींनी ओट्यावर यावं. माझी माय बादली ओढेल. तिच्या हातचं पाणी सगळ्यांसमोर प्यावं. मग पाइप टाका.

पटेल उठून गेला. साहेब म्हणाले, "मॅडम, ये आपका आपस का मामला है. काम क्यों रोक रही हो?"

माय म्हणते, "देऊन टाक न बाई, गावातच राहाचं हाय आपल्याले." मी ऐकत नाही म्हणून तिनं माझ्याशी बोलणं टाकलं आहे. एका घरात दोघी, आणि भाकर वाढतानाही शब्द नाही. ते मला सोसवत नाही. तरी मी बदलणार नाही.

कोणाचंही लेकरू, कोणीही तहानलेला टोल्यावर येवो, मी बादली भरून देईन. पण मायच्या हातचं पाणी ज्याला चालत नाही, त्याच्या घरी तिच्या विहिरीचा नळ जाणार नाही. पुढचा पूर आला तरी नाही.